दात जुना, वाळू नवी



गावच्या पांढरीची माती आणून भिंत घातली, की कधी कधी त्या भिंतीत जुन्या बांगडीचा तुकडा निघतो. भिंत गेल्या वर्षीची, बांगडी पणजीच्याही आधीची. ती बांगडी घालणारी बाई गेल्या वर्षी इथं राहत होती, असं काही आपण म्हणत नाही. खडकांमध्येही असा घोटाळा होतो. तो कसा ओळखायचा, ते आज पाहू.

अमेरिकेतल्या मोंटाना राज्यात बग क्रीक नावाची जागा आहे. तिथल्या मुंग्या वारुळावर बारीक खडे आणून टाकतात. त्या खड्यांत जीवाश्म, म्हणजे दगड झालेले दात आणि हाडांचे तुकडेही असतात. ही एका प्राचीन नदीची वाळू. तिच्यात डायनोसॉरचे दात सापडले. डायनोसॉर तर सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी संपले, आणि अशा काही नद्यांची वाळू त्यानंतरची. म्हणून १९८६ साली काही अभ्यासकांनी मांडलं, की थोडे डायनोसॉर त्या संकटातून वाचले असावेत.

हे खरं असेल, तर पृथ्वीचा इतिहासच बदलून लिहावा लागेल. मग तपासायचं कसं?

आधी जागा बघतात. पूर आला की नदी काठ कापते, आणि काठातलं जुनं सगळं नव्या वाळूत मिसळतं. मोंटानातले हे दात मिळाले ते जुन्या थरात खोल कोरत गेलेल्या पात्रांमध्येच.

मग सांगाडा बघतात. माळ दोऱ्यात ओवलेली सापडली, तर ती वाहून आलेली नाही. सुटे मणी मात्र कुठूनही येतील. हाडंही एकमेकांना जोडलेली असली, तर तो प्राणी त्याच काळातला.

तिसरी खूण परागकणांची. काळाप्रमाणे झाडं बदलली, म्हणून थरातल्या परागकणांवरून त्याचं वय कळतं.

हाड झिजलंय का, हेही बघतात. पण एवढ्यावर विसंबता येत नाही. दाताचं कवच कठीण असतं, आणि मातीच्या ढेकळात बसून आलेलं हाड घासतही नाही. १९९० साली मोंटानातल्याच एका पात्रातली चांगली टिकलेली हाडं तपासली. वाळू आणि परागकण बारकाईनं पाहिल्यावरच कळलं, की ती जुन्या थरातून आली होती.

तेव्हा त्या अभ्यासकांनी सांगितलं: सुटा दात पुरावा नव्हे. सांगाडा जोडलेला हवा, किंवा हाड पुराच्या मैदानातल्या गाळात मिळायला हवं, नाहीतर जुन्या थराला न कापणाऱ्या पात्रात.

वस्तू कुठं सापडली, एवढं पुरत नाही, मैत्रिणींनो. ती तिथं आली कशी, हेही विचारावं लागतं.