मेंदूतली दारे

माझ्या धाकट्या भावाला फेफरे येत असे. तो पडला की कुणी कांदा हुंगवी, कुणी चप्पल नाकाशी धरी. तालुक्याच्या डॉक्टरांनी फेनिटॉइनच्या गोळ्या सुरू केल्या आणि दीड वर्षात एकदाही झटका आला नाही. तेव्हा आई म्हणू लागली, "पोरगं बरं झालंय, आता गोळी कशाला?" घरात कॉलेजात जाणारा मी पहिलाच. उत्तर मी द्यावे ही अपेक्षा, आणि मला ते येत नव्हते. मानसशास्त्राच्या पुस्तकात हॉजकिन आणि हक्स्ले ही दोन नावे होती. त्या धाग्यावरून मी ग्रंथालय गाठले.

अ‍ॅलन हॉजकिन (१९१४-१९९८) हे केंब्रिजचे शास्त्रज्ञ. मज्जातंतूतून संदेश जातो म्हणजे नेमके काय होते, हा त्यांचा प्रश्न होता. आपले तंतू केसाहून कितीतरी बारीक. त्यांत उपकरण घालणार कसे? परंतु माकूल या समुद्री जिवाच्या अंगात एक तंतू सुमारे अर्धा मिलिमीटर जाड असतो. १९३९ च्या उन्हाळ्यात प्लिमथ येथील सागरी प्रयोगशाळेत हॉजकिन आणि त्यांचे सहकारी अँड्र्यू हक्स्ले यांनी त्या तंतूत विजेचे मोजमाप करणारी बारीक नळी सरकवली. एरव्ही तंतूची आतली बाजू बाहेरच्या मानाने ऋण असते. संदेश जाताना हा फरक फक्त नाहीसा होतो, अशी तेव्हाची समजूत होती. प्रत्यक्षात आतली बाजू क्षणभर चक्क धन झाली! याचे कारण शोधण्याआधीच महायुद्ध पेटले. हॉजकिन विमानांच्या रडारकामात गुंतले आणि तंतूवरचे प्रयोग अनेक वर्षे थांबले.

अखेर १९५२ साली त्यांनी उलगडा प्रसिद्ध केला. संदेशाच्या वेळी तंतूच्या आवरणातून आधी सोडियमचे धनभारित कण आत शिरतात, मागून पोटॅशियमचे कण बाहेर पडतात. केंब्रिजचा संगणक त्या वेळी बंद होता. म्हणून हक्स्ले यांनी हाताने फिरवायच्या यंत्रावर त्याची आकडेमोड केली. १९६३ साली दोघांना जॉन एकल्स यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले. पुढे १९७६ साली नेहर आणि साकमान यांनी असल्या एकेका दारातून वाहणारी वीज मोजून दाखवली.

हे घरी सांगायचे कसे? वडील रात्री कांद्याला दारे धरतात. मी म्हणालो, "अण्णा, एक वाफा भरला की पुढचं दार उघडतं, तसा मेंदूत निरोप पुढे जातो. फेफऱ्यात खूप पेशींची दारं एकाच वेळी भराभर उघडझाप करतात, जणू पाट फुटतो. ही गोळी सोडियमचं दार पुन्हा लगेच उघडू देत नाही. साधं पाणी चालू राहतं, लोंढा अडतो."

अण्णा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "म्हणजे गोळी ही राखण झाली. राखण आपल्या मनानं सोडायची नाही."

गोळी चालू आहे. ती कधी थांबवायची ते डॉक्टर ठरवतील. मित्रहो, माकुलाच्या एका तंतूपाशी कुणी आयुष्य घालवले, याचे मला पूर्वी हसू आले असते. आज त्या कामामुळेच आमच्या घरातल्या एका गोळीचा अर्थ मला सांगता आला.