बीटी कापूस
बीटी कापूस : बॅसिलस थुरिंजिएन्सिस (संक्षेपाने बीटी) या मृदेतील सूक्ष्मजंतूचे जनुक कापसाच्या पेशीत घालून तयार केलेले कापसाचे वाण. या जनुकामुळे वनस्पतीत निर्माण होणारे प्रथिन बोंडअळीच्या क्षारीय आतड्यात विरघळून त्याच्या अस्तराला छिद्रे पाडते व अळी मरते. भारतात २००२ मध्ये त्याच्या लागवडीस मान्यता मिळाली. २००६ मध्ये दोन जनुके असलेले वाण आले. हिरव्या बोंडअळीसाठी कराव्या लागणाऱ्या फवारण्या प्रथम बऱ्याच घटल्या.

भारतात हे जनुक प्रामुख्याने संकरित वाणांतूनच दिले गेले. अशा वाणाचे घरचे बी पुढील पिढीत एकसारखे उतरत नाही. बी राखण्याचा हक्क शेतकऱ्यास २००१ च्या कायद्याने दिला आहे खरा. पण येथे तो कागदावरच राहतो व दरवर्षी पाकीट विकत घ्यावे लागते.

गुलाबी बोंडअळीची उपजीविका मुख्यतः कापसावरच होते. शेताच्या कडेने बीटीविरहित कापूस लावल्यास तेथे वाढलेल्या पतंगांशी संकर होऊन प्रतिकारक्षम प्रजा विरळ राहते. परंतु त्या ओळींतील उत्पन्न बुडत असल्याने ते बी पुष्कळांनी पेरलेच नाही. त्यात फरदड घेण्याची चाल असल्याने अळीला उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत खाद्य मिळत गेले. २०१७ मध्ये विदर्भात तिने दोन्ही जनुकांना न जुमानता बोंडे पोखरली. त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशके फवारताना विषबाधा होऊन शेतकरी व मजूर दगावले. अल्पमुदतीचे वाण लावावेत व फरदड टाळावी, असे आता सुचविले जाते. मात्र उशिराच्या वेचणीवर ज्यांचा उन्हाळा निघतो, त्यांना हा उपाय महाग पडतो.