चार आण्याचा पोपट, बारा आण्याची खेळणी

मैत्रिणींनो, गेल्या वर्षीची गोष्ट. लेकाच्या वाढदिवसाला आमच्या ह्यांनी बजरीगरांची जोडी आणली. आपल्याकडे सरसकट 'लव्हबर्ड' म्हणतात ना, तेच हे पक्षी. पण खरा पाहता हा ऑस्ट्रेलियातला छोटासा पोपट. जोडी ६०० रुपयांची. पुढच्या रविवारी मुंबईला गेलो आणि एका दुकानात लेक हटूनच बसला. शिडी, झोपाळा, आरसा, प्लॅस्टिकच्या मण्यांची माळ... बिल झालं ७४० रुपये! सासूबाई म्हणाल्या, "अगं बाई, चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला!"

खरी गंमत तर पुढेच. घरी येऊन मोठ्या हौसेनं खेळणी टांगली, तर चिंगी आणि बंड्या घाबरून कोपऱ्यात! खेळण्यांचं रिकामं खोकं पिंजऱ्याला टेकून ठेवलं होतं. थोड्या वेळानं दोघं हळूच आली, गजांतून त्याची कड ओढली आणि संध्याकाळपर्यंत खोक्याचा पार भुगा केला. ७४० रुपयांच्या खेळण्यांकडे ढुंकूनही पाहिलं नाही. तेव्हा माझ्या मनात आलं, पाखराला खेळणं लागतं म्हणजे नेमकं लागतं तरी काय?

चोचीला काम हवं

उत्तर मला सापडलं ते माहेरच्या आठवणीत. खालापूर तालुक्यातल्या आमच्या घरी ओटीवर एक राघू होता. डाळ, मिरची, पेरूची फोड, सगळं वेळच्या वेळी. आजी त्याच्याशी तासन्‌तास बोलायची. पण पिंजऱ्यात एका दांडीशिवाय काही नव्हतं. हळूहळू त्यानं छातीवरची पिसं उपटायला सुरुवात केली. "उष्णता झाली असेल," म्हणून आजी त्याला भिजवलेला सब्जा घालायची. शेवटी छाती उघडी पडली, तरी चोच थांबेना.

मी खोपोलीला शाळेत अर्धवेळ शिकवते. कर्जतहून खोपोली लोकलनं जाताना केळवली-डोलवलीच्या आसपास, भात पिकलं की राघूंचे थवेच्या थवे शेतात उतरताना दिसतात. खातात थोडं, पाडतात जास्त. शेतकरी वैतागतो ते उगीच नाही! पण नीट पाहिलं की कळतं, रानातल्या पोपटाचा दिवस शोधण्यात, सोलण्यात, कुरतडण्यात जातो. पिंजऱ्यात वाटीभर दाणे दहा मिनिटांत संपतात. मग उरलेला दिवस त्यानं करायचं काय? पिसं उपटण्यामागे आजारही असू शकतो, म्हणून आधी डॉक्टरांना दाखवावंच. पण रिकामपण हेही त्याचं एक मोठं कारण असतं. तेव्हा बायांनो, खेळणं ही चैन नव्हे, ते चोचीला दिलेलं काम आहे.

इथेच एक सांगून ठेवते. आपला देशी राघू किंवा पहाडी पोपट पाळणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं गुन्हा आहे. आम्हाला तेव्हा त्याचा पत्ताही नव्हता. बाजारात कुणी पिल्लू दाखवलं तर दया म्हणूनसुद्धा घेऊ नका. एक घेतलं की तो दुसरं आणतो. घरात जुना राघू असेल तर एकदम दार उघडून सोडूनही देऊ नका. उडायची सवय गेलेलं पाखरू मांजराच्या तोंडी जातं. वनखात्याला कळवावं. मकाव, आफ्रिकन ग्रे अशा परदेशी पोपटांची सरकारदरबारी नोंद करावी लागते. बजरीगर आणि कॉकाटील यांना ती लागत नाही.

देखणं ते सगळं चांगलं नव्हे

आता माझी चूक सांगते. पैसे वाचवायचे म्हणून मी लेकीच्या जुन्या पैंजणातलं एक घुंगरू काढून पिंजऱ्यात बांधलं. आवाज गोड, शिवाय फुकट! दोन दिवसांनी शाळेतून आले तर चिंगी उलटी लटकलेली. पायाचं बोट घुंगराच्या फटीत अडकलेलं. तिला मऊ रुमालात धरलं आणि ह्यांनी पकडीनं घुंगरू तोडलं. माझे हात थरथरत होते. जीव वाचला, पण एक नखी गेली ती गेलीच. ती पाखराची चूक नव्हती, माझी होती.

म्हणून खेळणं घेताना आधी हे पाहा: घुंगरू, किल्ल्यांची कडी, उघडी साखळी नको, त्यात बोट किंवा चोच अडकते. जस्ताचा मुलामा दिलेली तार आणि शिशाचे मणी विषारी; पोपट ते चाटतो, कुरतडतो. धातू घ्यायचाच तर स्टेनलेस स्टीलचा. रंग उडणारं लाकूड नको. मोठ्या पोपटासमोर बजरीगराचं नाजूक प्लॅस्टिक टांगलं तर तो तुकडे करून गिळेल. एकट्या पक्ष्याला आरसाही नको. प्रतिबिंबालाच जोडीदार समजून तो त्याला घास भरवत बसतो.

घरातलीच खेळणी

आता आमच्याकडे चालतात ती खेळणी सांगते.

पुडी: वहीच्या कोऱ्या कागदात चिमूटभर बाजरी किंवा राळे बांधून अडकवायचे. टाचणी, पिन, चिकटपट्टी अजिबात नको. कागद फाडून दाणे काढण्यात अर्धा तास सहज जातो.

पेरूची फांदी: फवारणी न केलेल्या झाडाची, धुऊन कडक उन्हात वाळवलेली. साल सोलायला मिळते आणि जाडी कमी-जास्त असल्यामुळे पायांनाही व्यायाम होतो.

करवंटी: आतून-बाहेरून घासून, भोक पाडून सुतळीनं टांगायची आणि आत मेथीची पानं ठेवायची. सुतळी चार बोटांपेक्षा लांब नको, सुटे धागे कापून टाकावेत.

ओली कोथिंबीर: जुडी धुऊन तशीच ओली टांगा. आधी पानांत अंग घासून अंघोळ, मग फराळ!

समुद्रफेस: चोच घासायला उत्तम, शिवाय चुना पोटात जातो.

एका वेळी तीनच वस्तू ठेवाव्यात आणि आठवड्यानं बदलाव्यात. नवी वस्तू आधी दोन दिवस पिंजऱ्याबाहेर ठेवली की भीती मोडते. आणि आपल्याकडच्या पावसाळ्याचं विसरू नका. ते चार महिने सुतळीला, लाकडाला बुरशी धरते आणि ती पाखराच्या छातीत जाते. ऊन नसेल तेव्हा वाळवत बसू नये, सरळ फेकून द्यावं.

हिशेबाची वही

माझ्या वहीत आता असा हिशेब आहे. सगळ्यात जास्त पैसे पिंजऱ्यावर: २,२०० रुपये. पिंजरा उंच नको, लांब हवा. पाखरू आडवं उडतं. खेळण्यांसाठी महिन्याला ६० रुपये, त्यात सुतळी, समुद्रफेस आणि एखादं राळ्याचं कणीस येतं. बाकी सगळं घरातलंच. आणि १०० रुपये दर महिन्याला डाळीच्या डब्यात, डॉक्टरांसाठी. पक्ष्यांचे जाणकार डॉक्टर गावोगाव नसतात. वेळ आली की मुंबई गाठावी लागते. चिंगीच्या पायाच्या वेळी हा डबा नव्हता, म्हणून घरखर्चातून ओढाताण करावी लागली.

परवा लेकानं पुडी बांधली आणि बंड्यानं ती फाडली, तेव्हा मला आजीचा राघू आठवला. आजीनं त्याच्यावर माया केली, खायला-प्यायला कधी कमी केलं नाही. पण त्याची जागा त्या थव्यात होती, हे आम्हाला कळलं नाही; आणि घरात होता तोवर एक कागदाचा तुकडा द्यावा, हेही सुचलं नाही. मैत्रिणींनो, घरात पाखरू असेल तर आज दुपारी स्वयंपाकघर आवरलं की एक पुडी बांधून पाहा. खर्च काहीच नाही, आणि त्याचा एक दिवस तरी बरा जाईल.