झोपेच्या औषधाआधी वजनकाटा

तीन वर्षांचे मूल जिन्यावरून पडते, ओठ फाटतो. टाके घालायचे तर ते क्षणभरही स्थिर राहत नाही. अशा वेळी आपत्कालीन विभागात त्याला थोड्या वेळासाठी गुंगीचे औषध दिले जाते. मिडाझोलाम आणि केटामाइन ही त्यासाठी नेहमी वापरली जाणारी औषधे. मात्रा योग्य असेल तर ती फार उपयोगी पडतात; चुकली तर श्वास मंदावू शकतो, थांबूही शकतो.

मुलांचा डोस प्रत्येक वेळी वजनावरून काढावा लागतो. समजा, मूल १० किलोचे आहे आणि शिरेतून मिडाझोलाम किलोमागे ०.१ मिलिग्रॅम द्यायचे आहे; म्हणजे १ मिलिग्रॅम. या औषधाच्या काही कुप्यांत १ मिलीमध्ये १ मिलिग्रॅम, तर काहींत ५ मिलिग्रॅम औषध असते. पहिलीतून १ मिली घ्यायचे, दुसरीतून फक्त ०.२ मिली. लेबल न वाचता दुसरीतूनही १ मिली भरले, तर पाचपट औषध जाते. दशांशचिन्ह एक घर सरकले, तर दहापट!

म्हणूनच वजन अंदाजाने न धरता शक्यतो काट्यावर करावे. डोस दोघांनी स्वतंत्रपणे तपासावा, सिरिंजवर औषधाचे नाव लिहावे. ऑक्सिजन आणि मुलाच्या मापाचा मास्क हाताशी हवा. टाके घालणाऱ्याखेरीज एका व्यक्तीचे काम फक्त मुलाचा श्वास पाहण्याचे असावे. ऑक्सिजन सुरू असताना श्वास थांबला, तरी बोटावरच्या यंत्रातील आकडा लगेच उतरत नाही. म्हणून छातीची हालचालही पाहावी लागते.

पालकांनी काय सांगावे?

• मुलाने शेवटचे काय आणि कधी खाल्ले-प्यायले. रागावतील या भीतीने लपवू नये.
• सर्दी-खोकल्याचे कोणते औषध दिले. त्यातील काही औषधांनीही झोप येते.
• ॲलर्जी, दमा, झोपेत घोरणे, सध्याचा ताप किंवा खोकला.

मूल शांत राहावे म्हणून घरूनच झोपेचे औषध पाजून आणू नये.

पूर्ण जाग येईपर्यंत घरी जाण्याची घाई नको. पेंगुळलेल्या मुलाला दुचाकीवर मध्ये बसवून नेले, तर मान छातीवर पडून श्वासाची वाट अडू शकते. घरी मूल उठवूनही उठेना, वारंवार उलट्या झाल्या किंवा ओठ निळसर दिसले, तर लगेच रुग्णालय गाठावे.

आणि इंजेक्शनपूर्वी ‘डॉक्टर, वजन किती धरलंय?’ असे विचारायला संकोच करू नये.