भाताच्या शेताला पाणी किती?

तांदूळ शिजवितांना आधण किती ठेवावें हें कोणा गृहिणीस सांगावें लागत नाहीं. जुन्या तांदळास थोडें अधिक, नव्यास थोडें कमी, हें तिला अनुभवानें ठाऊक असतें. परंतु तोच तांदूळ शेतांत पिकवावयाचा झाल्यास त्यास पाणी किती लागेल, हा प्रश्न भल्याभल्यांस चकवितो. आणि जेथें पाऊस बेताचा, तेथें त्याच्या उत्तरावर साऱ्या गांवाचें वर्ष अवलंबून असतें.

नंदुरबार जिल्ह्याचेंच उदाहरण घ्या. १९९८ सालीं धुळे जिल्ह्यापासून वेगळा झालेला हा मुलूख. पश्चिमेकडील नवापूर तालुक्यांत पाऊस बरा पडतो व भात पिकतो. पूर्वेस नंदुरबार-शहाद्याकडे यावें तों पावसाचें मान पुष्कळ उतरतें. अशा कोरड्या बाजूस भात लावावयाचा, तर तलावाच्या पाण्याचा हिशेब आधीं मांडावयास हवा.

हा हिशेब जमाखर्चाचा आहे. खर्चाच्या बाबी तीन. पहिली चिखलणी, तिला सुमारें २०० मिलिमीटर पाणी लागतें. दुसरी, पानांवाटे व शेताच्या पृष्ठभागावरून हवेंत उडून जाणारें पाणी. तें दिवसास सरासरी ५ मिलिमीटर धरलें, तर लावणीनंतरच्या १०० दिवसांत ५०० मिलिमीटर होतें. तिसरी बाब जमिनींत मुरणाऱ्या पाण्याची, आणि खरी चूक होते ती येथेंच. चिकण काळ्या जमिनींत दिवसास २ मिलिमीटर मुरेल, तर हलक्या मुरमाड जमिनींत ८ मिलिमीटर, कधीं त्याहूनही अधिक. म्हणजे एकीकडे २००, तर दुसरीकडे ८००. एकूण खर्च अनुक्रमें ९०० व १,५०० मिलिमीटर झाला.

जमेच्या बाजूस पाऊस. पण पडलेला सगळाच पाऊस जमेस धरतां येत नाहीं. मुसळधार पडलेला बांधावरून वाहून जातो. पिकाच्या उपयोगीं पडणारा पाऊस ४०० मिलिमीटर मानला, तर भारी जमिनीस ५०० आणि हलक्या जमिनीस १,१०० मिलिमीटर पाणी बाहेरून द्यावें लागेल. त्यांतही तलावांतून सोडलेल्या पाण्याचा तिसरा हिस्सा पाटांतच जिरतो असें धरल्यास हे आंकडे ७५० आणि १,६५० वर जातात.

एका एकरावर एक मिलिमीटर पाणी म्हणजे सुमारें ४,०४७ लिटर. तेव्हां दहा लक्ष घनमीटर पाण्यावर भारी जमिनींत सुमारें ३३० एकर भात निघेल. हलक्या जमिनींत मात्र अवघे १५० एकर. हे आंकडे नमुन्यादाखल आहेत. पण पहिल्या आंकड्याच्या भरंवशावर हलक्या जमिनींत लावणी झाली, तर पाणी ऐन फुलोऱ्यांत संपतें. मग पाटाच्या शेवटीं ज्याचें शेत, त्याच्या हातीं पोंचट दाणे येतात.

मुरणारें पाणी मोजण्याची रीत सोपी आहे. भाताच्या शेतांत दोन पिंपें अर्धींअधिक पुरावीं. एकाचा तळ तसाच ठेवावा, दुसऱ्याचा काढून टाकावा. दोहोंत माती भरून रोपें लावावीं व पाणी सारख्या उंचीवर भरावें. तळ असलेल्या पिंपांतील पाणी केवळ हवेंत जातें. बिनतळाच्या पिंपांतील हवेंतही जातें आणि जमिनींतही. दुसऱ्या दिवशीं दोहोंची घट मोजून वजाबाकी केली, कीं जमिनीनें किती घेतलें तें कळतें.

पाणी पाहून पीक ठरविण्याची ही दृष्टि या भागास नवी नाहीं. शेजारच्या धुळे जिल्ह्यांत पांझरा नदीवर कांहीं शतकांपासून फड पद्धत चालत आली. बंधाऱ्याखालील जमिनीचे फड पाडावयाचे, एका फडांत एकच पीक घ्यावयाचें, आणि कोणत्या फडास कोणतें पीक हें त्या वर्षीच्या पाण्यावरून सर्वांनीं मिळून ठरवावयाचें, असा तिचा क्रम. तेथील शेतकऱ्यांपाशीं मिलिमीटरचें माप नव्हतें. परंतु वरच्या शेतानें अधिक घेतलें तर खालच्यास उरत नाहीं, हें त्यांनीं ओळखलें होतें. आज माप हातीं आहे. तें लावणीनंतर नव्हे, लावणीपूर्वीं वापरलें पाहिजे.