मज्जातंतु आणि त्यांचे ग्राही



अनवाणी चालतांना पायांत कांटा रुतला कीं आपण तत्क्षणीं पाय उचलतों. हा व्यवहार इतका झटपट उरकतो कीं त्यामागील यंत्रणा आपल्या ध्यानांतही येत नाहीं. पायाच्या अंगठ्यापाशीं संपणारा मज्जातंतु ज्या पेशीचा भाग आहे, ती पेशी कमरेपाशीं, पाठीच्या कण्यालगत असते. पेशी एकीकडे आणि तिचें टोंक तेथून सुमारें एक मीटर दूर; आणि मधला तंतु केसाहूनही किती तरी बारीक! इतक्या लांबच्या टोंकाची खबर त्या पेशीला कशी मिळते, आणि ‘तूं जगणें अवश्य आहे’ हें तिला कोण सांगतें, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

ह्या प्रश्नाच्या उत्तराचें श्रेय मुख्यतः रीटा लेव्ही-मोंताल्चिनी ह्या इटालियन विदुषीस आहे. त्यांचा जन्म १९०९ सालीं तुरीन शहरीं झाला. मुसोलिनीच्या राजवटींत १९३८ सालीं ज्यू लोकांविरुद्ध कायदे झाले व त्यांना विद्यापीठांत काम करणें अशक्य झालें. तेव्हां त्यांनीं निजावयाच्या खोलींतच लहानशी प्रयोगशाळा थाटली आणि कोंबडीच्या अंड्यांतील गर्भांवर प्रयोग चालविले. १९४७ सालीं त्या अमेरिकेंत सेंट लुई येथें गेल्या. उंदराच्या एका विशिष्ट गांठीचा तुकडा गर्भास जोडला असतां मज्जातंतु विलक्षण फोफावतात, असें तेथें दिसून आलें. त्या गांठींतून कांहीं तरी द्रव्य पाझरत असलें पाहिजे, असें त्यांनीं अनुमान केलें.

तें द्रव्य वेगळें काढण्याचें काम स्टॅन्ली कोहेन ह्या रसायनज्ञांनीं हातीं घेतलें. शुद्धीकरणाच्या एका पायरींत त्यांनीं सर्पविषाचा उपयोग केला, आणि आश्चर्य असें कीं, तें द्रव्य गांठीपेक्षां हजारों पटींनीं अधिक प्रमाणांत त्या विषांतच सांपडलें! सर्पविष म्हटलें कीं मुंबईकरांस परळची हाफकिन संस्था आठवते. ज्यांच्या दंशावरील लस तेथें तयार केली गेली, त्या नागाच्या व घोणशीच्या विषांतही हें द्रव्य असतें. १९८६ सालीं ह्या दोघां संशोधकांस नोबेल पारितोषिक मिळालें. ह्या द्रव्यास आपण सोयीसाठीं मज्जावर्धक म्हणूं.

पण नुसतें द्रव्य असून भागत नाहीं; तें घेणारा हवा. आमच्या खोताच्या वाडींत टपालवाला सर्व घरांवरून जातो, पण पत्र घेतो तो ज्याच्या नांवाचें असेल तोच. शरीरांतही तसेंच आहे. मज्जावर्धक अनेक पेशींच्या शेजारून जातें. परंतु ज्या पेशीच्या पृष्ठभागावर त्याचा ग्राही, म्हणजे तें नेमकें धरणारा प्रथिनाचा रेणु असेल, तीच पेशी त्यास प्रतिसाद देते.

असे मुख्य ग्राही दोन आहेत. पहिल्याचें नांव ट्रॅक-ए. त्याचें जनुक प्रथम आंतड्याच्या कर्करोगांत, मोडतोड झालेल्या स्थितींत सांपडलें; मज्जावर्धकाचा ग्राही तो हाच, हें १९९१ सालीं समजलें. मज्जावर्धक येऊन चिकटलें कीं ह्या ग्राहीचे दोन रेणु एकत्र येतात व पेशीच्या आंतील बाजूस परस्परांस फॉस्फेट जोडून रासायनिक क्रियांची मालिका सुरू करतात. पुढें ही जोडी एका सूक्ष्म पिशवींत बंद होऊन तंतूच्या वाटेनें थेट मूळ पेशीपर्यंत नेली जाते. टोंकाची खबर पोंचते ती अशी. गर्भावस्थेंत मज्जापेशी गरजेहून पुष्कळच अधिक निर्माण होतात. ज्यांना ही खबर मिळते त्या जगतात, उरलेल्या आपणहून नष्ट होतात.

दुसरा ग्राही पी-७५. हा मज्जावर्धकाच्या सर्वच भावंडांना धरतो. ट्रॅक-एच्या शेजारीं असतां तो त्याची ग्रहणशक्ति वाढवितो. परंतु तो एकटा असतां, विशेषतः मज्जावर्धकाचें अपक्व रूप त्याच्याशीं जुळल्यास, तोच पेशीला मरणाची आज्ञा देऊं शकतो. जगण्याचा आणि मरण्याचा निरोप एकाच घराण्याचीं द्रव्यें आणतात. अर्थ ठरतो तो घेणाऱ्यावरून.

मोठेपणीं ट्रॅक-एचें प्रमुख काम म्हणजे वेदना. जखम झाली वा सूज आली कीं त्या ठिकाणीं मज्जावर्धक वाढतें, तंतूंचीं टोंकें अधिक संवेदनाशील होतात, आणि साधा स्पर्शही दुखतो. ही वेदना नसती तर बरें, असें आपणांस वाटतें. पण कांहीं मुलें ट्रॅक-एच्या जनुकांतील दोष घेऊनच जन्मास येतात. १९९६ सालीं हें कारण सिद्ध झालें. त्यांना दुखणें ठाऊक नसतें. घामही येत नाहीं, म्हणून उन्हाळ्यांत ताप भयंकर चढतो. तीं स्वतःची जीभ चावतात, भाजून घेतात, मोडलेल्या हाडावर चालतात. वडाळ्याचें ॲक्वर्थ कुष्ठरुग्णालय १८९० सालीं स्थापन झालें. कुष्ठरोगाचें कारण वेगळें. तेथें जंतु मज्जातंतूंचा नाश करतात. परंतु बोटें झडतात तीं बव्हंशीं न कळलेल्या जखमांमुळेंच. आज तो रोग औषधांनीं बरा होतो. गेलेली संवेदना मात्र सहसा पूर्णपणें परत येत नाहीं.

औषधशास्त्रानें ह्या ज्ञानाचा उपयोग करून पाहिला आहे. मधुमेहांत बधिर झालेल्या पायांसाठीं मज्जावर्धकच टोंचून पाहिलें. टोंचल्या जागीं दुखूं लागलें, आणि मोठ्या परीक्षेंत गुण आला नाहीं. उलट सांधेदुखीसाठीं मज्जावर्धकास अडविणारें औषध काढलें. दुखणें कमी झालें, परंतु कांहीं रोग्यांचे सांधे झपाट्यानें झिजले, व २०२१ सालीं अमेरिकेंतील तज्ज्ञ-समितीनें त्याविरुद्ध कौल दिला. ज्या कर्करोगांत मोडलेला ग्राही निरोपावांचूनच चालू राहतो, तेथें मात्र त्यास बंद पाडणारें औषध २०१८ सालापासून उपलब्ध आहे.

ह्यावरून वेदना मुकाट्यानें सोसावी असें मुळींच नाहीं. तिच्यावर उपचार अवश्य करावा. परंतु ती काय सांगते तें आधीं ऐकावें. आणि ज्यांच्या घरीं जुना मधुमेह आहे, त्यांनीं वेदनेवर विसंबूं नये. रोज रात्रीं निजण्यापूर्वीं पाय धुवून पुसावे, तळवे आणि बोटांमधील जागा उजेडांत डोळ्यांनीं पाहावी. आणि लहानसा व्रण आढळला तरी, दुखत नाहीं म्हणून तसाच न सोडतां, डॉक्टरांस दाखवावा.