राजूरच्या भूमीची कुळकथा

वणी तालुक्यांतील राजूर हें गांव दगडी कोळसा व चुना यांकरितां सर्वांस ठाऊक आहे. परंतु ज्या काळ्या मातीवर या भागांतील कास्तकाराचा संसार चालतो, तिची कुळकथा फारशी कोणी सांगत नाहीं. ती समजण्यास भूमीच्या पोटांत थोडें खोल उतरलें पाहिजे.

येथील चुनखडीचा दगड अतिप्राचीन होय. शंभर कोटि वर्षांपूर्वीं किंवा त्याहूनहि आधीं येथें समुद्र होता व त्याच्या तळाशीं ही चुनखडी सांचली. त्या काळीं भूमीवर झाड नव्हतें, गवताची काडीहि नव्हती.

कोळसा त्या मानानें तरुण, म्हणजे सुमारें पंचवीस ते तीस कोटि वर्षांचा. तेव्हां येथें दलदलीचीं अरण्यें होतीं. त्यांतील ग्लॉसॉप्टेरिस या झाडाचें पान जिभेच्या आकाराचें असे. सन १९१२ मध्यें दक्षिण ध्रुवाहून परततांना मृत्यु पावलेल्या कॅप्टन स्कॉट यांच्या तुकडीजवळ याच जातीच्या पानांचे ठसे असलेले दगड सांपडले. तो बर्फाळ प्रदेश व आपला देश एके काळीं एकाच भूखंडाचे भाग होते, याची ती साक्ष होय. शास्त्रज्ञांनीं त्या भूखंडास गोंडवन हें नांव दिलें, तें आपल्या शेजारीं राहणाऱ्या गोंड लोकांच्या भूमीवरूनच.

पुढें सुमारें साडेसहा कोटि वर्षांपूर्वीं भूमि दुभंगून तप्त शिलारस वाहिला. तो निवतांना आकसला, कीं कोठें कोठें त्याचे रेखीव खांब बनतात; झरी-जामणी तालुक्यांत शिबला-पारडीजवळ असे खांब सन २०२१ मध्यें उजेडांत आले. हाच काळा दगड ऊनपावसानें झिजून आपली कपाशीची माती झाली.

या मातीचा एक गुण विलक्षण आहे. उन्हाळ्यांत तिला खोल भेगा पडतात व वरची माती त्यांत पडते. पावसांत ती फुगते, भेगा मिटतात आणि खालची माती वर रेटली जाते. जणूं ही जमीन स्वतःच स्वतःस नांगरते!

कास्तकार बंधूंनो, इंचभर माती घडविण्यास निसर्गास शेंकडों वर्षें लागतात. उतारावरील उघड्या शेतांतून ती थोड्याच पावसाळ्यांत नाल्यास मिळते. म्हणून वखरणी व पेरणी उतारास आडवी करावी, धुऱ्यावर गवत राखावें, पऱ्हाट्या जाळूं नयेत, त्या कुजवून शेतास द्याव्या. जेथें उघडी खाण खोदली जाईल, तेथें वरची माती प्रथम वेगळी काढून राखावी व काम संपल्यावर पुन्हां पसरावी, असा आग्रह गांवानें धरावा. कोळसा एकदांच जळतो. माती मात्र नीट जपली तर नातवंडांच्या नातवंडांसहि पीक देईल.